पडदा लुकलुकतो तेव्हां

घरांतील दूरचित्रवाणीचा पडदा एकाएकीं लुकलुकूं लागला म्हणजे कुटुंबांतील प्रत्येकाची विद्वत्ता जागी होते. कोणी यंत्राच्या पाठीवर थाप मारतो, कोणी रिमोटमधील सेल काढून पुन्हां घालतो, कोणी "हें आतां जुनें झालें" असा निकाल देऊन मोकळा होतो. विकार एकच दिसतो, परंतु त्याचीं कारणें अनेक असतात. तापाचें जसें आहे तसेंच याचेंही. ताप हा रोग नव्हे, रोगाची सूचना होय. आणि कपाळाला नुसता हात लावून तो हिवतापाचा कीं साध्या पडशाचा हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच पडद्याकडे टक लावून बसल्यानें दोष कोठें आहे हें कळत नाहीं. तो कसा शोधावा हें गेल्या श्रावणांत आम्हांला घरच्याच अनुभवानें शिकावें लागलें. तो अनुभव व त्यामागील शास्त्र हीं दोन्हीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

झालें तें असें. आमच्या घरचा टीव्ही आठ वर्षांचा. एका संध्याकाळीं बातम्या चालू असतां पडदा दोन वेळां मिचकला, अर्धा क्षण काळा झाला व पुन्हां उजळला. दुसऱ्या दिवशीं तेंच. तिसऱ्या दिवशीं अधिक. बाजारांतून एक मेकॅनिक आणविला. त्यानें यंत्र चालू करून पांच मिनिटें पाहिलें (त्या पांच मिनिटांत पडदा एकदांही लुकलुकला नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे), पाठीमागें कान लावून ऐकलें, आणि "पॅनेल गेलें" असें सांगितलें. नव्या पॅनेलची जी किंमत त्यानें सांगितली ती नव्या टीव्हीच्या किंमतीहून फारशी कमी नव्हती. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं "आधीं स्टॅबिलायझर घेऊन पाहा" असा सल्ला दिला. आम्ही हिशेबाची वही उघडून बसलों. इतक्यांत आमची धाकटी मुलगी, जी इयत्ता आठवींत शिकते, म्हणाली, "बाबा, टीव्ही मिचकतो तेव्हां पडवींतला दिवासुद्धां मिचकतो."

आम्हीं तिला गप्प केलें, हें सांगावयास आम्हांला लाज वाटते. वर्गांत मुलांना ‘आधीं निरीक्षण, मग अनुमान’ असें वर्षानुवर्षें शिकविणारे आम्ही. पण घरांत जिनें निरीक्षण केलें तिलाच गप्प करून मेकॅनिकच्या अनुमानामागें धांवत होतों. तिनें मात्र वाद घातला नाहीं. जुन्या वहीचें एक पान घेऊन त्यावर तीन रकाने आंखले: ‘वेळ’, ‘टीव्ही’ आणि ‘दिवा’. चार दिवस ती त्यांत नोंदी करीत होती. त्या पानाची गोष्ट पुढें येईलच. परंतु तिचें महत्त्व ध्यानांत येण्यासाठीं पडद्यावरील चित्र मुळांत स्थिर कां दिसतें हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

आपल्या डोळ्याची एक मर्यादा आहे, व ती मर्यादाच सर्व चित्रपटांचा व दूरचित्रवाणीचा आधार आहे. एखादा दिवा सेकंदाला पांच वेळां उघडझाप करूं लागला तर आपण ती मोजूं शकतों. हीच उघडझाप सेकंदाला पन्नास-साठ वेळांच्या वर गेली म्हणजे डोळ्याला ती वेगळी ओळखतां येत नाहीं आणि प्रकाश अखंड आहे असें वाटतें. प्रकाश जितका प्रखर, तितकी ही मर्यादा वर चढते. आणि मोठ्या उजळ पडद्याची उघडझाप समोरून पाहण्यापेक्षां डोळ्याच्या कडेनें पाहिल्यास अधिक सहज जाणवते. चित्रपटांत सेकंदाला २४ चित्रें असतात. प्रत्येक चित्रानंतर एकेकदांच अंधार केला तर डोळ्यांना तें असह्य होईल. म्हणून फिल्मच्या प्रक्षेपकांतील फिरतें पातें प्रत्येक चित्र दोनदां किंवा तीनदां दाखवीत असे, म्हणजे उघडझाप ४८ किंवा ७२ व्हावी.

दूरचित्रवाणीच्या जनकांनाही प्रथमपासून या लुकलुकण्याशींच झगडावें लागलें. जॉन लोगी बेअर्ड यानें २६ जानेवारी १९२६ रोजीं लंडन येथें आपलें यंत्र शास्त्रज्ञांना दाखविलें. पुढें १९२९ सालीं बीबीसीच्या केंद्रांवरून त्याच्या पद्धतीनें प्रक्षेपण सुरू झालें, तेव्हां चित्रांत रेषा ३० आणि सेकंदाला चित्रें साडेबारा ! तें पाहणें म्हणजे वाऱ्यावर फडफडणाऱ्या समईच्या उजेडांत पोथी वाचण्यासारखेंच झालें असेल. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली, त्या वेळीं दोन पद्धति आळीपाळीनें वापरून पाहण्यांत आल्या. बेअर्डची पद्धति २४० रेषांची व सेकंदाला २५ चित्रांची होती. मार्कोनी-ईएमआयच्या ४०५ रेषांच्या पद्धतींत एक युक्ति होती. आधीं चित्रांतील विषम क्रमांकांच्या रेषा काढावयाच्या, मग सम क्रमांकांच्या; म्हणजे पूर्ण चित्रें २५ च राहिलीं तरी पडदा मात्र सेकंदाला ५० वेळां उजळे. डोळ्याला ती पन्नास वेळांची उघडझाप पुष्कळच सुसह्य वाटली. १९३७ च्या आरंभीं बेअर्डची पद्धति मागें पडली. तिच्या पराभवाचीं कारणें अनेक असलीं तरी पडद्याचें लुकलुकणें हें त्यांतलें एक होतें. आपल्या देशांत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें व २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई येथें दूरचित्रवाणी आली तीही याच तत्त्वाची, ६२५ रेषांची व सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांची.

आजोबांच्या काळचा तो पेटीसारखा टीव्ही ज्यांनीं पाहिला असेल त्यांना आठवेल कीं त्याचा पांढरा उजळ भाग किंचित् थरथरत असे. तो त्याचा दोष नव्हता, स्वभाव होता. कांचेच्या नळींत विद्युत्कणांचा झोत पडद्याच्या आंतल्या लेपावर आदळे, तेवढ्यापुरता तो ठिपका चमके व लगेच मावळे. झोत पुन्हां येईपर्यंत तेथें अंधारच. आजच्या सपाट पडद्याची गोष्ट निराळी. त्यांतील प्रत्येक ठिपका ही एक चिमुकली झडप आहे. मागें दिवे सतत जळत असतात आणि झडप कमी-अधिक उघडून प्रकाश पुढें सोडते. नवा हुकूम येईपर्यंत झडप आहे तशीच राहते, मध्यें अंधार होत नाहीं. (बाजारांत ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतात त्यांतही चित्र झडपांचेंच असतें; एलईडी हे केवळ मागचे दिवे होत. ‘ओएलईडी’ नांवाच्या महाग प्रकारांत मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो.)

एवढें कळलें म्हणजे शोधाची दिशा ठरते. सपाट पडदा निरोगी असतां डोळ्यांना दिसेल इतका लुकलुकतच नाहीं. लुकलुकला तर घरांत येणारी वीज खंडित होत असेल, किंवा बाहेरून येणारें चित्र तुटक असेल, किंवा यंत्राच्या पोटांतील दिवे अथवा त्यांना वीज पुरविणारा भाग बिघडला असेल. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वीं या तिहींपैकीं कोणतें, हें घरबसल्या, स्क्रूला हात न लावतां, बहुधा ठरवितां येतें.

पहिली परीक्षा विजेची, आणि तिच्यासाठीं उपकरण म्हणजे खोलींतला दिवा. टीव्हीच्या पाठीवरील पट्टी वाचली तर बहुतेक नव्या यंत्रांवर १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें आढळतें. याचा अर्थ असा कीं दाब बराच खालीं गेला तरी टीव्ही निमूटपणें सहन करतो. जुना तारेचा बल्ब मात्र इतका सोशिक नसतो. दाब दहा टक्के उतरला तर त्याचा प्रकाश सुमारें तीस टक्के उतरतो. म्हणून बल्ब ही विजेची नाडी आहे असें आम्ही म्हणतों. आजकाल तसे बल्ब घरोघर राहिले नाहींत, परंतु साध्या एलईडी दिव्याकडे पाहिलें तरी पुष्कळदां काम भागतें. टीव्ही मिचकतो त्याच क्षणीं दिवाही मिचकला, पंख्याचा सूर उतरला, तर टीव्हीला दोष देऊं नये. चित्राच्या मागची वीज तुटत आहे. मग पाहावें, कीं हें घरांतलें कोणतें यंत्र सुरू होतांना घडतें? फ्रिज, पाण्याचा पंप, इस्तरी, मिक्सर? शेजाऱ्यांच्या घरींही तेंच होतें काय, कीं आपल्याच घरीं?

आतां मुलीच्या पानाकडे येऊं. चार दिवसांत तिनें अकरा नोंदी केल्या होत्या. त्यांपैकीं नऊ संध्याकाळच्या होत्या, आणि त्या नऊही वेळीं दिव्याच्या रकान्यांत ‘होय’ असें लिहिलें होतें. समासांत तिनें आपण होऊन ‘फ्रिजचा आवाज’, ‘इस्तरी चालू’ असें बारीक अक्षरांत टिपलें होतें. शेजारीं मात्र सर्व सुरळीत. हें पान वाचल्यावर आमचे डोळे उघडले, व आम्हीं परवानाधारक वायरमनला बोलाविलें. त्यानें टीव्हीकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. पान हातांत घेऊन तो सरळ मीटरपाशीं गेला, बोर्डाजवळ नाक नेलें, आणि मेन स्विच पाडून टेस्टरनें खात्री केल्यावर त्याचें झांकण उघडलें. न्यूट्रलची ॲल्युमिनियमची तार ज्या स्क्रूखालीं बसविली होती तो स्क्रू ढिला झाला होता. तारेवरचें आवरण चार बोटें करपून तपकिरी झालें होतें, आणि मागची लांकडी फळी काळवंडली होती. आम्ही पुढें वांकलों तसा तो म्हणाला, "सर, हात लावूं नका, अजून गरम आहे."

हें कां होतें तें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें, कारण यांत तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील दोन सोपीं सूत्रें कामीं येतात. ढिल्या जोडाला रोध असतो. तो केवळ एक ओहम आहे असें धरूं. इस्तरी व इतर यंत्रें मिळून दहा ॲम्पियर प्रवाह त्या जोडांतून जाऊं लागला, तर तेथें दहा व्होल्ट दाब फुकट जातो. तेवढ्यानें दिवा मंदावतो. पण दुसरें सूत्र अधिक गंभीर आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे शंभर वॉट उष्णता त्या हरभऱ्याएवढ्या स्क्रूपाशीं निर्माण होते. शंभर वॉटचा पेटता बल्ब मुठींत धरून पाहण्याचें धाडस कोणी करील काय? ॲल्युमिनियम तापलें कीं फुगतें, निवलें कीं आकसतें, त्यामुळें स्क्रू आणखी सैल होतो. त्याच्या पृष्ठावर विजेला अडविणारा गंज चढतो, त्यामुळें रोध वाढतो. आणि रोध वाढला कीं उष्णता पुन्हां वाढते. अखेर तेथें ठिणग्या पडूं लागतात व प्रवाह क्षणोक्षणीं तुटतो. टीव्हीच्या पोटांत थोडी वीज सांठवून ठेवणारा कपॅसिटर असतो. एखादा क्षण तो तगवून नेतो. पण असे क्षण लागोपाठ आले म्हणजे पडदा मिचकतो. मेकॅनिक दुपारीं आला होता, तेव्हां घरांत इस्तरी नव्हती कीं दिवे नव्हते, म्हणून त्याला कांहींच दिसलें नाहीं.

फळी लांकडाची होती आणि तिच्याखालीं आमच्या जुन्या मासिकांचा ढीग होता. त्या रात्रीं झोंप नीट लागली नाहीं, एवढेंच सांगतों. आम्हीं स्टॅबिलायझर घेतला असता तर कदाचित् चित्र सुधारलेंही असतें, आणि स्क्रू मात्र फळीपाशीं तापतच राहिला असता.

न्यूट्रलचाच दुसरा एक प्रकार याहून घातक आहे, तोही पालकांनीं ओळखून ठेवावा. खांबावरून येणारी सामाईक न्यूट्रल तार तुटली तर एका रांगेंतल्या कांहीं घरांचे दिवे मंद होतात व कांहींचे एकाएकीं झगझगूं लागतात, कारण २३० च्या ऐवजीं त्या घरांत ४०० च्या आसपासपर्यंत दाब चढूं शकतो. आपल्या घरीं कांहीं सुरू केल्यावर दिवा मंद होण्याऐवजीं अधिक तेजस्वी झाला, तर तें शुभचिन्ह समजूं नये. तत्काळ मेन स्विच बंद करावा व वीज कंपनीला कळवावें. मेन स्विचमधूनच धूर किंवा जळका वास येत असेल तर त्याला स्पर्शही न करतां माणसांनीं बाहेर पडावें व खांबावरून वीज तोडावयास सांगावें. मीटरच्या अलीकडचें काम परवानाधारक वायरमनचें, पलीकडचें कंपनीचें. घरांतल्या हौशी मंडळींचें दोहोंपैकीं एकही नव्हे.

अकरांपैकीं नऊ नोंदींचा उलगडा असा झाला. परंतु दोन नोंदी सकाळच्या होत्या आणि त्यांच्यापुढें दिव्याच्या रकान्यांत ‘नाहीं’ असें होतें. स्क्रू बदलल्यानंतरही एके सकाळीं पडदा क्षणभर काळा झालाच. मुलगी म्हणाली, "आई केर काढते तेव्हां." येथें दुसरी परीक्षा उपयोगी पडली, आणि ती आम्हांला सर्वांत सुंदर वाटते, कारण तिला एक दमडीही लागत नाहीं.

रिमोटवरील मेन्यूचें बटण दाबावें. पडद्यावर जी यादी उमटते ती सेट-टॉप बॉक्समधून येत नाहीं, टीव्ही ती स्वतः काढतो. (बॉक्सचा रिमोट निराळा असतो, त्याचा मेन्यू येथें चालणार नाहीं, टीव्हीचाच हवा.) आतां पाहावें: मागचें चित्र लुकलुकत असून यादी स्थिर आहे काय? असेल, तर टीव्ही निर्दोष आहे. बिघाड बॉक्समध्यें किंवा दोहोंना जोडणाऱ्या केबलमध्यें आहे. यादीही चित्राबरोबर लुकलुकते काय? तर दोष टीव्हींतच, किंवा त्याला येणाऱ्या विजेंत. आमच्याकडे यादी अचल उभी राहिली व मागचें चित्र नाहींसें झालें. टीव्हीमागची एचडीएमआय केबल केरसुणीच्या धक्क्यानें हलत होती. ती काढून, टोंक पुसून, शेजारच्या दुसऱ्या खांचेंत घट्ट बसविली आणि प्रकरण मिटलें. न मिटलें तर दुसऱ्या केबलनें पाहावें, मग दुसऱ्या बॉक्सनें. पण एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, खांच आणि बॉक्स तिन्ही एकदम बदलून चित्र सुधारलें तर कशानें सुधारलें हें कधींच कळत नाहीं, व जुनी केबल कपाटांत जाऊन पुढच्या वर्षीं पुन्हां त्रास द्यावयास बाहेर येते.

केबलचा दोष व प्रक्षेपणाचा दोष यांतही फरक आहे. पावसांत छतावरच्या तबकडीला उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी क्षीण होतात. तेव्हां चित्र लुकलुकत नाहीं, त्याचे चौकोनी तुकडे पडतात किंवा तें गोठतें. त्याला पाऊस थांबण्याची वाट पाहणें हाच उपाय. एचडीएमआय केबल सदोष असेल तर पांढऱ्या ठिपक्यांच्या ठिणग्या उडतात किंवा पडदा क्षणभर सर्वस्वीं काळा होऊन परत येतो.

दिवा स्थिर, आणि यादीही लुकलुकते, असें ठरलें म्हणजे मग टीव्हीकडे वळावें. तरीही एकदम हताश होऊं नये. कित्येक टीव्हींत खोलींतील उजेड मापणारा एक डोळा असतो व वीज वांचविण्याची एक योजना असते. कोणी दिव्यापुढून गेलें कीं पडदा आपोआप मंद व तेजस्वी होतो. सेटिंगमध्यें जाऊन ही योजना बंद करून पाहावी. त्यानंतर बॅकलाइट, म्हणजे मागच्या दिव्यांचें तेज, पूर्ण वाढवून पाहावें. तेज कमी करण्याची युक्ति अनेक टीव्हींत अशी असते कीं दिवे सेकंदाला शेंकडों वेळां विझवून पेटवावयाचे. विझलेला काळ जितका लांबवावा तितका पडदा मंद. बहुतेकांना हें दिसत नाहीं, परंतु कांहींचे डोळे त्यानें थकतात व डोकें दुखतें. तेज वाढवितांच त्रास थांबला तर कारण सांपडलें. मोबाईलच्या कॅमेऱ्यांतून टीव्हीवर जे काळे पट्टे सरकतांना दिसतात तेही याच जातीचे. कॅमेऱ्याची गति व दिव्यांची गति यांचा मेळ बसत नाहीं म्हणून ते उमटतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नसतील तर त्यांना बिघाड समजूं नये. असे पट्टे पाहून भ्यालेल्या एका पालकांनीं आम्हांला खास चित्रफीत पाठविली होती. त्यांचा टीव्ही अगदीं ठणठणीत होता.

यंत्र थंड असतां पहिलीं कांहीं मिनिटें लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर वीज पुरविणाऱ्या भागांतील कपॅसिटर म्हातारे झाल्याचा संशय घ्यावा. उलट, तासाभरानें तापल्यावर लुकलुकूं लागलें तर एखादा जोड उष्णतेनें सुटत असावा. आवाज चालू असून पडदा अजिबात काळा झाला तर खोलींत अंधार करावा व पडद्याजवळ टॉर्च तिरपा धरावा. अंधुक चित्र हलतांना दिसलें तर झडपा शाबूत असून मागचे दिवे तेवढे गेले आहेत. हें भेदज्ञान पैशाचें आहे, म्हणून येथें जोर देऊन सांगतों. पॅनेल निराळें व बॅकलाइटच्या पट्ट्या निराळ्या. पट्ट्या बदलणें हें पॅनेल बदलण्याहून पुष्कळ स्वस्त काम आहे. मेकॅनिक "पॅनेल गेलें" म्हणाला कीं टॉर्चची परीक्षा त्याच्यासमोर करावी, आणि लुकलुकणें केव्हां होतें, दिवा काय करतो, मेन्यू काय करतो, हें तीन वाक्यांत त्याला सांगावें. प्रामाणिक कारागिराला त्याचा उपयोग होतो. दुसऱ्या प्रकारच्याला तें आवडत नाहीं, हाही एक लाभच होय.

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेण्याचा मोह फार. इतर बाबतींत आम्ही त्याचें कौतुकच करूं, पण टीव्हीची पाठ उघडूं नका. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्जीव झालें असें नव्हे. २३० व्होल्टची वीज आंत गेल्यावर तिचें रूपांतर होऊन मुख्य कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाब सांठतो व प्लग काढल्यावरही कांहीं काळ तो तेथें राहूं शकतो. माळ्यावर टाकलेल्या जुन्या रंगीत नळीच्या टीव्हीची तर गोष्टच नको. चालू असतां त्यांत २५,००० व्होल्टांच्या आसपास दाब असे, आणि बंद केल्यावरही नळी तो धरून ठेवी.

लुकलुकणारा पडदा कांहीं थोड्या मुलांना प्रत्यक्ष अपायकारक असतो. ज्यांना फेफरें किंवा फिट येते त्यांच्यापैकीं कांहींना झटपट चमकणाऱ्या प्रकाशानें झटका येऊं शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत ‘पोकेमॉन’ या व्यंगचित्रमालिकेच्या एका भागांत लाल व निळा प्रकाश सेकंदाला सुमारें बारा वेळां आळीपाळीनें चमकला, आणि सुमारें ६८५ जणांना रुग्णालयांत न्यावें लागलें; त्यांत बहुतेक मुलें होतीं. तेथें यंत्रें ठीक होतीं, दोष कार्यक्रमांतच होता. ज्या घरांत असें मूल आहे तेथें पडदा लुकलुकूं लागतांच त्याला समोरून उठवावें व दुरुस्तीपर्यंत टीव्ही बंद ठेवावा. अशा वेळीं नुसते डोळे मिटणें पुरत नाहीं, कारण चमक पापण्यांतूनही आंत जाते. एक डोळा तळहातानें पूर्ण झांकून तोंड दुसरीकडे वळविणें अधिक उपयोगी पडतें.

आमचा टीव्ही त्याच पॅनेलवर अजून चालू आहे. वायरमननें न्यूट्रलची तार तांब्याची घातली, फळी काढून नवा बोर्ड बसविला व मासिकें दुसऱ्या खोलींत हलविण्यास लावलीं. जुन्या तारेचा करपलेला तुकडा व तो स्क्रू आम्हीं मागून घेतला. प्रयोगशाळेंत खिडकीकडल्या कपाटांत, दुसऱ्या कप्प्यावर, वहीच्या त्या पानासह तो ठेविला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुट्टींत यावें.